अगराचा मणी आणि मोजणारा हात

अगराचे लाकूड आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. त्याचे नाव मात्र घराघरांत रोज उच्चारले जाते. तिन्हीसांजेला देवापुढे आपण अगरबत्ती लावतो. जुनी माणसे तिलाच उदबत्ती म्हणतात, आणि त्यातला ‘ऊद’ हा अरबी शब्दही अगराचाच वाचक आहे. म्हणजे संस्कृतातून आलेला शब्द घ्या की अरबस्तानातून आलेला घ्या, काडीवर नाव एकाच झाडाचे! काडीत मात्र त्या झाडाचा कणही बहुधा नसतो. कोळशाची पूड, लाकडाचा भुसा, चिकटपणासाठी एका सालीचे चूर्ण, वरून अत्तर, आणि मध्ये बांबूची काडी. आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. मालावरील नाव एक आणि आतला माल दुसरा हा प्रकार आम्हांला नवा नाही.

आमच्या गोंदिया जिल्ह्याच्या रानात अगर उगवत नाही. येथे तेंदू, मोह आणि बांबू. तरीही अगराच्या जपमाळांवर येथे बोलण्यास कारण आहे. माळेतील मण्यांचा हिशेब विलक्षण काळजीने ठेवणाऱ्या लोकांची एक वस्ती आमच्याच जिल्ह्यात आहे. तिच्याकडे आपण जाणारच आहोत. आधी अगराची हकीकत पाहू.

अगराचे झाड मूळ आसाम, सिल्हेट, ब्रह्मदेश आणि त्यापलीकडील मुलखातले. आसामात त्याला साँची म्हणतात. निरोगी झाडाचे लाकूड पांढुरके, हलके, जवळजवळ वासहीन. सरपणापलीकडे त्याची मातब्बरी नाही. पण खोडाला जखम झाली, अळीने आत बोगदे पाडले आणि त्या वाटेने बुरशी शिरली, म्हणजे झाड स्वतःच्या बचावासाठी तेथे एक काळपट राळ साठवू लागते. वर्षानुवर्षे ही राळ लाकडाच्या नसानसांत मुरते आणि तो भाग जड, काळा व सुगंधी होतो. हाच तो अगर. संस्कृत ‘अगुरु’ शब्दाचा सरळ अर्थ ‘जड नव्हे ते’ असा लागतो. पण उत्तम अगराची जुनी कसोटी अशी की तो पाण्यात बुडावा! चिनी भाषेत तर त्याचे नावच ‘बुडणारा सुगंध’ असे आहे. अबुल फज्लने ऐन-ए-अकबरीत हीच कसोटी नोंदवली आहे.

आपल्याकडे अगराची पारख पहिल्यांदा नीट लिहून ठेवली ती कौटिल्याच्या अर्थशास्त्राने. जड, स्निग्ध, दूरवर दरवळणारा, विस्तव सोसणारा, एकसारखा धूर देणारा, घासला तरी गंध न सोडणारा, असे त्याचे गुण तेथे सांगितले आहेत. आजचा माळांचा शौकीन ह्यात फारशी भर घालू शकत नाही. पण हे गुण ग्रंथात कोठे आले आहेत, हे पाहण्याजोगे आहे. राजाच्या कोशात कोणत्या वस्तू घ्याव्यात, त्या प्रकरणात, रत्ने व चंदन ह्यांच्या रांगेत ते आले आहेत. अगर तोडणाऱ्याचा उल्लेख तेथे नाही. पुढे बाणभट्टाच्या हर्षचरितात कामरूपच्या भास्करवर्म्याने हर्षाला पाठविलेल्या नजराण्यांत काळ्या अगराचे तेल आहे आणि अगराच्या सालीवर लिहिलेली पुस्तकेही आहेत. ही सालीची पुस्तके म्हणजे कविकल्पना नव्हे. आसामातील ‘साँचीपात’ पोथ्या आजही पाहावयास मिळतात. त्याच झाडाची साल विद्येला, गाभा देवाला आणि तेल राजाला.

जपानातील हकीकत आम्हांला फार आवडते. त्यांच्या जुन्या इतिहासग्रंथात अशी नोंद आहे की इसवी सन ५९५ मध्ये आवाजी बेटाच्या किनाऱ्यावर एक ओंडका वाहत आला. बेटावरच्या लोकांना त्याचे मोल काय ठाऊक! त्यांनी तो चुलीत घातला. सुगंध पसरला तेव्हा ओंडका बाहेर काढून त्यांनी तो सम्राज्ञीला अर्पण केला. म्हणजे जपानात अगराचा पहिला पारखी कोणी सरदार नव्हता, चूल पेटविणारा होता. पुढे मात्र कारभार उलटला. नारा येथील तोदाइजी मंदिराच्या शोसोइन भांडारात अगराचा एक प्रसिद्ध ओंडका आहे. लांबी १५६ सेंटिमीटर, वजन ११.६ किलो. १५७४ साली ओदा नोबुनागा ह्या सेनापतीने आणि १८७७ साली मेइजी सम्राटाने त्याचे तुकडे कापून घेतले. ह्या दोन्ही जागी कापणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी लावलेली आहे. मूळ झाड ज्याने तोडले त्याची चिठ्ठी अर्थातच नाही.

आता मण्यांकडे वळू. जपमाळ मुळात गरिबाची वस्तू. चिनी भाषेत चौथ्या-पाचव्या शतकातले समजले जाणारे एक लहानसे बौद्ध सूत्र आहे. त्यात राज्याच्या विवंचनेने गांजलेल्या एका राजाला बुद्ध १०८ बिया ओवून माळ करण्यास सांगतात. त्या बिया कसल्या? रिठ्याच्या! आपल्या पंढरीच्या वाटेवरची माळ तुळशीच्या काष्ठाची, शैवांची रुद्राक्षाची. झाडावरून गळलेले उचलावे, भोक पाडावे, ओवावे. मग त्यात चंदन आले, पोवळे आले, स्फटिक आला आणि अखेर अगर आला. अरबस्तानातील शौकिनाची ३३ किंवा ९९ मण्यांची तस्बीह अगराची असते, चीन-जपानातील धनिकाची १०८ मण्यांची माळ अगराची असते. धर्म वेगळे, गणना वेगळी, पण लाकूड एकच.

अगराची माळ जमविणारे लोक काय पाहतात, हे समजून घेण्यासारखे आहे. त्यात खरी रसिकता आहे हे आम्ही नाकबूल करणार नाही. राळेच्या रेषा मण्याच्या पृष्ठावर कशा धावतात, सर्व मणी एकाच तुकड्यातले आहेत काय, हे ते पाहतात. थंड मण्याला वास कमी, हातात ऊब मिळाली की तो उमलतो. सकाळचा वास वेगळा, रात्रीचा वेगळा. खोट्या मालाचा बाजारही तेवढाच मोठा. साधे लाकूड सुगंधी तेलात भिजवून, काळे करून, वजनासाठी आत शिसे भरूनसुद्धा विकतात. अशा माळेचा वास पहिल्याच दिवशी नाकात शिरतो व महिन्याभरात निघून जातो. खरा अगर लाजाळू असतो.

आणखी एक हिशेब ह्या शौकिनांच्या सहसा ध्यानात येत नाही. चौकोनी ठोकळ्यातून त्याच जाडीचा गोल मणी काढला तर जवळजवळ ४८ टक्के लाकूड भुशात जाते. भोक पाडताना जाते ते वेगळे. दुर्मिळ लाकडाचा मणी करणे म्हणजे निम्मे दुर्मिळ लाकूड फेकणे. भुसा धूपासाठी विकला जातो हे खरे, पण झाड परत येत नाही. ज्या झाडात राळ आहे ते बाहेरून ओळखता येईलच असे नाही, म्हणून रानात दहा झाडे पाडून एकात सापडते असा खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालला. परिणामी १९९५ साली आसामच्या ह्या अगराचा आणि २००५ साली अगराच्या सर्व जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार करारान्वये नियंत्रित करावा लागला. आता आसामात घराच्या परसात साँची लावतात, खोडाला खिळे ठोकून वा भोके पाडून मुद्दाम जखम करतात. होजाई ह्या व्यापारी गावात कारागीर लहान पटाशीने पांढरे लाकूड कोरून काढतात आणि काळी नस तेवढी उरवतात. तासन्‌तास मान खाली, नजर एका रेषेवर. बिडी वळणारीची मानही अशीच असते.

आता आमच्या जिल्ह्यात येऊ. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ईटियाडोह धरणाच्या परिसरात गोठणगाव आहे. जवळच प्रतापगडची टेकडी. महाशिवरात्रीला तेथे मोठी यात्रा भरते. महादेवाचे स्थान आणि ख्वाजांचा दर्गा एकाच डोंगराच्या आश्रयाने आहेत, आणि भाविक दोन्हीकडे जातात. यात्रेत रुद्राक्षाची माळ आणि तस्बीह शेजारी शेजारी मांडलेली आम्ही पाहिली आहे. ह्याच भागात १९७२ साली तिबेटी निर्वासितांची नोर्गेलिंग वसाहत वसली. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला, पण तिबेटी लोक आपल्या ह्या वस्तीला अजून ‘भंडारा’च म्हणतात. १९५९ नंतर भारतात आलेल्या हजारो तिबेट्यांनी पहिली वर्षे हिमालयात रस्ते बांधण्याच्या मजुरीवर काढली. खडी फोडणाऱ्या हातांना मग कोठे कर्नाटकात, कोठे ओरिसात, कोठे आमच्याकडे जमीन मिळाली. बर्फाच्या मुलखातली माणसे झाडीपट्टीच्या उन्हात धान लावू लागली आणि हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटर विकू लागली.

त्यांच्या हातातली माळ बहुधा बोधिवृक्षाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बियांची, नाहीतर चंदनाची वा साध्या लाकडाची. अगराची माळ आम्हांला तेथे दिसली नाही. अगर त्यांना परका मात्र नाही. तिबेटी वैद्यकात ‘अगर-८’, ‘अगर-३५’ अशी औषधे आहेत. आकडा त्यातील द्रव्यांचा. मन अस्वस्थ झाले, झोप उडाली, छातीत वायू कोंडला की त्या गोळ्या देतात. अगर गळ्यात घालण्यापेक्षा तो पोटात घेणे त्यांना अधिक शहाणपणाचे वाटते, आणि ह्या बाबतीत आम्ही त्यांच्या बाजूचे आहोत.

पण त्यांच्या माळेचे खरे वैशिष्ट्य लाकडात नाही, मोजणीत आहे. माळेत मणी १०८. एक फेरी पूर्ण झाली की हिशेबात मात्र १०० च धरतात. माळेला दोन लहान दोऱ्या लोंबतात, प्रत्येकीवर दहा कड्या. एका फेरीला पहिल्या दोरीवरची एक कडी सरकते. दहा झाल्या की हजार, मग दुसऱ्या दोरीवरची एक कडी. तीही संपली की दहा हजार. आणि ते वरचे आठ मणी? ते चुकांसाठी. जपता जपता डोळा लागला असेल, मन भरकटले असेल, उच्चार अर्धा राहिला असेल. मोजणारा माणूस आहे, तो चुकणारच, म्हणून शंभरात आठ आधीच सोडून दिलेले.

आम्ही आयुष्यभर मोजणीवरच भांडत आलो आहोत, म्हणून हा हिशेब ऐकून आम्ही थक्क झालो. आमच्या रानात उन्हाळ्यात तेंदूपाने तोडतात. सत्तर पानांचे एक पुडके, हजार पुडक्यांची एक स्टँडर्ड बॅग, मजुरी शेकड्यावर. पहाटे रानात गेलेली बाई दुपारी पुडके बांधते आणि संध्याकाळी फळीवर मांडते. फळीमुन्शी शंभर लिहितो, पण घेतो एकशे चार, एकशे पाच. का, तर एखादे पान फाटके निघेल, एखादे पुडके कमी भरेल. बिडीतही तेच. हजार वळायच्या आणि छाटीचा तोटा वळणारीने सोसायचा. येथेही शंभरावर वरचे काही आहे, येथेही ते चुकांसाठीच आहे. फक्त माळेत चूक माफ करण्यासाठी आहे आणि फळीवर ती आगाऊ वसूल करण्यासाठी. १९६९ च्या कायद्याने तेंदूपानांचा व्यापार सरकारच्या हाती आला, २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावाचा हक्क मान्य झाला, कित्येक ग्रामसभा आता स्वतः लिलाव करतात. कायद्याच्या पुस्तकात पान मजुराचे झाले. मोजणी मात्र जागच्या जागी राहिली.

एका हंगामात, फळीवरच्या बैठकीत, आम्ही ही तिबेटी माळेची गोष्ट बायांना सांगितली. एक म्हातारी लगेच म्हणाली, “मंग थे माळ मुन्शीच्याच गळ्यात घाला ना जी!” हशा पिकला, मुन्शीही हसला. त्या साली त्या फळीवर शंभरामागे वरची पुडकी पाचांवरून दोनांवर आली.