साबुदाण्याची खिचडी: जुना नियम, नवा कंद

एकादशी असो, महाशिवरात्र असो वा संकष्टी. त्या सकाळी महाराष्ट्रातील असंख्य घरांत साबुदाण्याची खिचडी शिजते. आणि त्याच सकाळी समाजमाध्यमांवर एक ठरलेला वादही पेटतो. एक पक्ष म्हणतो, हे आमचे पूर्वापार व्रतान्न. दुसरा पक्ष विजयी मुद्रेने उत्तरतो: साबुदाणा परदेशी, बटाटा परदेशी, मिरची परदेशी, शेंगदाणाही परदेशी, मग परंपरा कसली? (दीर्घ धागा)

दुसऱ्या पक्षाची माहिती बरोबर आहे. निष्कर्ष मात्र घाईचा आहे, असे माझे मत. हे चार परके जिन्नस आपल्याकडे कसे आले, यापेक्षा सोवळ्याच्या स्वयंपाकघरात त्यांना प्रवेश कसा मिळाला, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. त्यासाठी आधी पदार्थ नीट समोर मांडू.

रात्री साबुदाणा दोन-तीन पाण्यांनी धुवायचा, म्हणजे दाण्यांवरचे सुटे पीठ निघून जाते. पाणी निथळून, दाणे जेमतेम भिजतील एवढाच ओलावा ठेवून तो झाकून ठेवायचा. सकाळी दाणा चिमटीत सहज दाबला गेला की तो भिजला असे समजावे. शेंगदाणे भाजून, साले पाखडून केलेले जाडसर कूट, मीठ आणि किंचित साखर साबुदाण्याला आधीच लावून घ्यायची. कुटामुळे दाणे एकमेकांना चिकटत नाहीत. कढईत साजूक तूप, जिरे, हिरव्या मिरचीचे तुकडे, उकडलेल्या बटाट्याच्या फोडी (काही घरांत कच्च्याच, पातळ काचऱ्या) आणि मग साबुदाणा. आच मंद, हात हलका, एक-दोन वाफा. पांढरा दाणा पारदर्शक झाला की कढई उतरवायची. वर ओले खोबरे आणि लिंबू. नागपूरकडे याच पदार्थाला साबुदाण्याची उसळ म्हणतात, आणि त्या नावावरून पुणेकरांशी होणारा वाद हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

या यादीतील तूप, जिरे, खोबरे आणि लिंबू ही मंडळी या भूमीवर जुनी. उरलेल्या चौघांचे मूळ अटलांटिकच्या पलीकडे.

मार्च १५०० मध्ये पेद्रो आल्वारेस काब्राल हा पोर्तुगीज दर्यावर्दी लिस्बनहून निघाला. एप्रिलमध्ये तो ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला आणि सप्टेंबरात त्याच्या ताफ्यातील उरलेली जहाजे कालिकतला पोहोचली. एकाच सफरीने ब्राझील आणि मलबार जोडले गेले. काब्रालच्याच जहाजातून रोपे आली, असा याचा अर्थ नव्हे. पण ज्या मार्गाने ती पुढे आली, तो मार्ग या सफरीत आखला गेला. १५१० मध्ये गोवा आणि १५११ मध्ये मलाक्का पोर्तुगीजांच्या हाती गेले. ही दोन्ही बंदरे आपल्या कथेत पुन्हा भेटतील.

नवागतांची नावे पाहा, कारण नावांत प्रवास साठवलेला असतो. संस्कृतात 'मरिच' म्हणजे काळी मिरी. जिभेला तसाच चटका देणारी नवी वस्तू आली, तेव्हा तिला मिरीचेच नाव थोडे वळवून दिले गेले: मिरची. 'बटाटा' हा शब्द तर थेट पोर्तुगीज 'बताता'. भुईमूग म्हणजे भुईत लागणारा मूग. नाव पूर्ण मराठी, वस्तू दक्षिण अमेरिकेची. त्याच शेंगदाण्याला बंगालीत चिनाबादाम म्हणतात, तर तमिळमधील एका नावात मनिला शहर दडले आहे. पश्चिमेकडून आलेली ही शेंग भारतात पूर्वेच्या दारानेही शिरली असावी, असे ही नावे सुचवतात.

साबुदाण्याचे नाव मात्र सर्वांत फसवे आहे. मलय भाषेत 'सागू' म्हणजे सागो पामच्या बुंध्यातील गरापासून काढलेले पीठ. हे झाड मोलुक्का बेटे आणि न्यू गिनीच्या दलदलींत वाढते. फुलोरा येण्याच्या सुमारास ते तोडायचे, बुंधा उभा चिरायचा, आतला गर खरवडून पाण्यात कालवायचा आणि तळाशी बसणारे सत्त्व गोळा करायचे. तेराव्या शतकाच्या अखेरीस सुमात्राला गेलेल्या मार्को पोलोने झाडातून निघणाऱ्या या पिठाचे वर्णन केले आहे. पुढे मलाक्का आणि सिंगापूर येथील चिनी कारागीर या पिठाचे मोत्यासारखे दाणे करू लागले आणि एकोणिसाव्या शतकात ते जगभर जाऊ लागले. तमिळमध्ये साबुदाण्याला 'जव्वरिसी' म्हणतात. त्याची फोड जावाचा तांदूळ अशी केली जाते.

म्हणजे मूळचा साबुदाणा झाडाचा आणि आग्नेय आशियाचा. आज आपल्या कढईत असलेला साबुदाणा तो नव्हे. तो कसाव्याचा आहे.

कसावा, ज्याला आपण टॅपिओका म्हणूनही ओळखतो, तो ॲमेझॉन खोऱ्यातील कंद. 'टॅपिओका' हा शब्द ब्राझीलमधील तुपी भाषेतला. या कंदात, विशेषतः त्याच्या कडू जातींत, सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये असतात. कडू कंद कच्चा खाल्ला तर जिवावर बेतू शकते. तेथील मूळ रहिवाशांनी हजारो वर्षांपूर्वी त्यावर उपाय शोधला: कंद किसायचा, 'तिपिती' नावाच्या लांब विणलेल्या नळीत भरून पिळायचा, धुवायचा, भाजायचा. त्यांच्या समाजात हे काम प्रामुख्याने स्त्रियांचे होते. आपल्या उपवासाच्या ताटामागे कोणाचे ज्ञान उभे आहे, असे विचारले तर पहिले उत्तर या अनाम स्त्रियांचे द्यावे लागते. पोर्तुगीज खलाशी केवळ वाहक होते.

पोर्तुगीजांमार्फत हा कंद मलबारात आला आणि दीर्घकाळ परसात पडून राहिला. त्रावणकोरचे महाराज विशाखम् तिरुनाळ (कारकीर्द १८८० ते १८८५) यांनी त्याच्या लागवडीला उत्तेजन दिले, तेव्हा तो गरिबाचे अन्न म्हणून तेथे रुजला. त्याच काळात मलाक्काच्या परिसरात चिनी मळेवाले कसाव्याची मोठी लागवड करीत होते. पाम तयार व्हायला दहा-बारा वर्षे लागतात, कसावा वर्षाच्या आत काढणीला येतो. व्यापाऱ्याने काय निवडले असेल ते सांगायला नको. पामचे दाणे आणि कसाव्याचे दाणे एकाच बंदरातून जाऊ लागले. दिसायला सारखे, शिजायला जवळजवळ सारखे. नाव तेच राहिले आणि आतली वस्तू हळूहळू बदलली.

आता १९४२. १५ फेब्रुवारीला सिंगापूर जपानच्या ताब्यात गेले. आपण ही तारीख ब्रिटिश साम्राज्याच्या मानहानीची म्हणून वाचतो. वाण्याच्या दुकानात मात्र तिचा अर्थ असा होता की मलायातून येणारा माल थांबला. पाठोपाठ ब्रह्मदेश पडला, तेथील तांदूळ बंद झाला आणि त्रावणकोरात माणसे कसाव्यावर जगली. ही पोकळी तमिळनाडूतील सेलमने भरून काढली. १९४३ च्या सुमारास तेथे घरगुती पातळीवर कसाव्यापासून साबुदाणा करण्यास आरंभ झाला. कंद कुटायचा, पांढरे दूध कापडातून गाळायचे, निवळू द्यायचे, खाली बसलेले ओले सत्त्व झोळीत हलवून त्याचे गोल दाणे करायचे, चाळायचे आणि तापल्या पत्र्यावर भाजायचे. पुढे यंत्रे आली. पण क्रम आजही बराचसा हाच आहे. त्याच स्टार्चचा दुसरा ग्राहक कापडगिरण्या होत्या, सुताच्या खळीसाठी. १९८१ मध्ये सेलमच्या उत्पादकांची 'सागोसर्व्ह' ही सहकारी संस्था स्थापन झाली.

विशेष असे की तमिळ घरांत या दाण्यांचे मुख्यतः पायसम आणि पापडासारखे वडम होतात. सेलमचा साबुदाणा खपतो तो महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेशात. पिकवणाऱ्याच्या ताटात तो गौण आणि शेकडो मैलांवरच्या उपाशी माणसाच्या ताटात मुख्य.

नाव आणि वस्तू यांच्यातील ही तफावत कायद्यालाही लक्षात घ्यावी लागली. अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ चा, त्याखालील नियम १९५५ चे. त्या नियमांतील व्याख्येत साबुदाणा म्हणजे सागो पामच्या किंवा टॅपिओकाच्या कंदाच्या स्टार्चपासून केलेले कठीण, लहान दाणे. एका 'किंवा'ने जुना पाम आणि नवा कंद शेजारी बसवले.

येथे एक विषयांतर आवश्यक आहे. कंद महिनोन् महिने खड्ड्यात कुजवून, त्यात किडे पडू देऊन साबुदाणा करतात, असा एक संदेश दर उपवासाला फिरतो. कसावा उपटल्यापासून दोन-तीन दिवसांत आतून खराब होऊ लागतो. चांगला स्टार्च हवा असेल तर त्यावर लगोलग प्रक्रिया करावी लागते. कुजवणे हे कारखानदाराचे नुकसान आहे. उघड्या हौदांतील अस्वच्छतेवर जरूर बोलावे, पण तो वेगळा मुद्दा झाला.

आता मूळ प्रश्नाकडे. व्रताने या परक्यांना आत कसे घेतले? महाभारताच्या उद्योगपर्वात, विदुरनीतीत, व्रताचा भंग न करणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत पाणी, मुळे, फळे आणि दूध येतात. एकादशीला वर्ज्य आहे ते धान्य. म्हणजे हा नियम एकेका वस्तूचे नाव घेत नाही, तो वर्ग सांगतो. बटाटा जमिनीखालचा, रताळे जमिनीखालचे, आणि साबुदाणा कंदाचाच. हे सारे 'मूळ' या जुन्या दारातून आत आले. रताळेही अमेरिकेचेच, हे खिचडीवर तुटून पडणारे सहसा विसरतात.

याचा पुरावा उलट्या बाजूनेही मिळतो. मका अमेरिकेचाच, आणि तोही पोर्तुगीजांमुळेच पसरला असे मानले जाते. पण तो धान्य ठरला आणि महाराष्ट्रात उपवासाबाहेर राहिला. टोमॅटोलाही बहुतेक घरांत मज्जाव आहे. परकेपणा हा निकष असता तर बटाटाही बाहेर राहिला असता. आणि नावीन्याची हौस हे कारण असते तर मकाही आत आला असता.

प्रामाणिकपणे सांगायचे तर माझ्या या मांडणीला भगर अडचणीची आहे. वरी हे सरळसरळ तृणधान्य, तरीही ते चालते. कदाचित येथे दुसरा निकष लागू होतो: नांगरल्याविना येणारे अन्न. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, हा नियम त्याच विचाराचा. आज भगर शेतात नांगरूनच पिकते, पण तिला मिळालेला मान टिकून आहे. राजगिरा तर आणखी गमतीचा. गिऱ्हाईक त्याला अस्सल देशी म्हणून विकत घेते आणि त्याच्या लागवडीखालील प्रमुख जाती मेक्सिको व अँडीजच्या.

नियमाची बारीक कलमे मात्र प्रत्येक घराने स्वतः लिहिली. जिरे चालते, मोहरी चालत नाही. हळद नाही, हिंग नाही. हिरवी मिरची चालते. लाल तिखटावर मतभेद. कोथिंबीर एका घरात चालते आणि शेजारच्या घरात तिने उपवास मोडतो. यांतील बहुतेक निर्णय कोणत्याही ग्रंथात सापडायचे नाहीत. ते आजी, सासू आणि सून यांच्यात चुलीपाशी झाले आणि तेथेच पाळले गेले. इतिहासाच्या अभ्यासकाने हे मौखिक धर्मशास्त्र नोंदवून ठेवायला हवे, असे मला फार वाटते, कारण ते झपाट्याने विसरले जात आहे.

दोन्ही पक्षांना आता एकेक गोष्ट सोडावी लागेल. शिवकाळातील एकादशीच्या पंगतीला आजची खिचडी वाढणाऱ्या लेखकाने ते पान फाडावे. सेलमचा दाणा तेव्हा नव्हता, आणि बटाटा व भुईमूग महाराष्ट्राच्या रोजच्या स्वयंपाकात मुरले ते बरेच नंतर. आणि 'सगळे परदेशी' म्हणून हसणाऱ्याने जिन्नस मोजताना ते निवडणारा नियमही मोजावा.

शेवटी शब्दाची एक गंमत. आता ही खिचडी उपवासापुरती उरलेली नाही. ती उपाहारगृहांच्या सकाळच्या पाटीवर असते, इंदूरच्या सराफ्यात रात्रीही मिळते, आणि सुटीच्या दिवशी घरोघरी हौसेची न्याहारी म्हणून होते. हा 'न्याहारी' शब्द फारसीतल्या 'नहार'शी जोडला जातो. त्या शब्दाचा अर्थ: काही न खाल्लेला, उपाशी.

ज्यांना उद्या खिचडी करायची आहे त्यांच्यासाठी: दुकानात 'नायलॉन' साबुदाणा मागू नका. तो भाजण्याऐवजी वाफवून केलेला असतो; खिरीला आणि चिवड्याला उत्तम, खिचडीत मात्र गोळा होतो. पुढचा धागा राजगिऱ्यावर. आपल्या घरी कोथिंबीर चालते की नाही, आणि 'का नाही' याचे घरच्यांनी दिलेले कारण, खाली जरूर लिहा.