ओरखड्याचं कुळ

अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या एखाद्या घरात पायथन ही संगणकभाषा शिकायला बसलेली मुलगी वर्षभराची वीजबिलं गोळा करते. खणातून हाताला लागतील तशी: आधी ऑगस्टचं, मग फेब्रुवारीचं, मग नोव्हेंबरचं. महिन्यांचे क्रमांक आणि युनिटं अशा दोन याद्या टंकून ती ‘प्लॉट’ची आज्ञा देते आणि पडद्यावर उमटते रेघेची जिलबी. ती कुठून आली, हे कळायला आलेखाचं कुळ शोधावं लागतं.

‘आलेख’ आला ‘लिख्’ या संस्कृत धातूवरून, आणि लिख् म्हणजे मुळात ओरखडणं. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शके 982चा, म्हणजे इ.स. 1060चा शिलालेख याच अर्थाने लेख आहे. 1786 साली स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअरने व्यापाराचे 44 आलेख छापले, तेही तांब्याच्या पत्र्यावर कोरून. त्यांतले 43 रेषांचे. स्कॉटलंडच्या व्यापाराचे मात्र एकाच वर्षाचे आकडे हाती होते. रेघ ओढणार कशी? त्याने पट्ट्या काढल्या. शाळेतला आपला स्तंभालेख असा अडचणीतून जन्मला.

1959 साली अमेरिकेत कॅलकॉम्प 565 हे आलेख काढणारं यंत्र आलं. नळकांड्यावर कागद मागेपुढे फिरे, पेन आडवं सरके. फोरट्रान या संगणकभाषेतून ‘प्लॉट’ म्हणत त्याला जागा सांगायची आणि पुढे एक आकडा द्यायचा: 2 म्हणजे पेन टेकव, 3 म्हणजे उचल. 2003 साली मेंदूच्या विद्युतलहरी अभ्यासणाऱ्या जॉन हंटरने पायथनमध्ये आलेख काढणारं मॅटप्लॉटलिब लोकांपुढे आणलं. आज्ञांची धाटणी त्याने मॅटलॅब या गणिती प्रणालीकडून उचलली. तोवर शाई गेली होती, पण पेनाची सवय उरली: यादीत जो बिंदू पुढे, त्याच्याकडे रेघ ओढत जायचं.

म्हणून ती जिलबी. आठव्या महिन्यावरून रेघ मागे दुसऱ्यावर गेली, तिथून पुढे अकराव्यावर. आलेखवहीत आपला हात जानेवारीपासूनच सुरू होतो, त्यामुळे क्रम लावल्याचं आपल्याला जाणवतही नाही. इथे क्रम लावणारी ओळ स्वतः लिहावी लागते.

नाहीतर ‘प्लॉट’च्या जागी ‘बार’ लिहावं. यादी तशीच विस्कटलेली, तरी प्रत्येक पट्टी आपापल्या महिन्यावर उभी राहते. शेजारच्या पट्टीशी तिला काही जोडायचं नसतं. प्लेफेअरच्या पट्ट्यांनाही नव्हतं.