कोठडीतील माणसाची नोंद कोठे शोधाल?

मुंबई, प्रतिनिधी

‘पोलिस घेऊन गेले,’ एवढेच घरच्यांना ठाऊक असते. कोणत्या ठाण्याचे पोलिस होते, गुन्हा कोणता, न्यायालयात केव्हा उभे करणार आणि तेथून कोणत्या तुरुंगात पाठविणार, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशी नसते. मग ओळखीच्या कार्यकर्त्याला दूरध्वनी होतो, ठाण्याबाहेर घोटाळणाऱ्या मध्यस्थाच्या हातावर पैसे ठेवले जातात आणि तरीही दोन-तीन दिवस हाती काही लागत नाही. वस्तुतः माणूस ताब्यात आल्यापासून त्याची सुटका होईपर्यंत प्रत्येक टप्प्यावर एक नोंद व्हावी, अशी कायद्याची रचना आहे. त्यातील काही नोंदी कोणालाही पाहता येतात, काही केवळ नातेवाईक व वकिलांना मिळतात, तर काही मागणी केल्यावरच हाती येतात. कोणती नोंद कोणाकडे असते, हे ठाऊक असले तर ही पायपीट पुष्कळ कमी होऊ शकते.

नाव टाकले की माणूस कोणत्या तुरुंगात आहे ते सांगणारी, सर्वसामान्यांसाठी खुली असलेली एकच देशव्यापी यादी भारतात नाही, हे आधीच लक्षात घेतलेले बरे. शोध तीन ठिकाणी आणि त्याच क्रमाने घ्यावा लागतो: पोलिस ठाणे, न्यायालय आणि तुरुंग.

पहिले चोवीस तास

अटक केलेल्या व्यक्तीला, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर केले पाहिजे, असा दंडक राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये आहे. त्यामुळे पहिला शोध पोलिस ठाण्यातच घ्यावा लागतो.

डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये अटकेसंबंधी ११ निर्देश दिले. अटकेच्या वेळी लेखी ज्ञापन करावे, त्यावर कुटुंबातील व्यक्तीची किंवा परिसरातील प्रतिष्ठित नागरिकाची साक्षीदार म्हणून सही असावी, आरोपीचीही सही घ्यावी आणि त्याच्या एका आप्ताला अथवा मित्राला अटकेची व ठिकाणाची माहिती द्यावी, हे त्यांतील प्रमुख निर्देश. पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेतच तशा तरतुदी करण्यात आल्या. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली असून कलम ३६ ते ३८ आणि कलम ४८ मध्ये हे हक्क नमूद आहेत.

त्यांपैकी कलम ३७ शोध घेणाऱ्यांच्या विशेष उपयोगाचे आहे. प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक पोलिस ठाण्यात, सहायक पोलिस उपनिरीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेला एक अधिकारी नेमून त्याच्याकडे अटक केलेल्यांची नावे, पत्ते व आरोपाचे स्वरूप यांची माहिती ठेवण्याची जबाबदारी सोपवावी, असे हे कलम सांगते. ही माहिती ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात ठळकपणे, डिजिटल माध्यमासह, प्रदर्शित करणे बंधनकारक आहे. म्हणजे ठाणे अंमलदाराकडे ‘आमचा माणूस येथे आहे का?’ अशी विनवणी करण्याऐवजी, ‘कलम ३७ खालचे नियुक्त अधिकारी कोण आणि आजची अटक यादी कोठे लावली आहे?’ असे विचारता येते. ठाणेच निश्चित ठाऊक नसेल, तर जिल्ह्याच्या किंवा पोलिस आयुक्तालयाच्या नियंत्रण कक्षाकडे चौकशी करावी.

दुसरा धागा एफआयआरचा. संवेदनशील स्वरूपाचे गुन्हे वगळता एफआयआर २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये यूथ बार असोसिएशनच्या याचिकेवर दिला. लैंगिक अत्याचार, दहशतवाद, बालकांवरील अत्याचार आदी प्रकरणे त्यातून वगळलेली आहेत. गुन्हा क्रमांक, वर्ष आणि पोलिस ठाणे या तीन गोष्टी कागदावर उतरवून घ्याव्यात. पुढचा सारा शोध त्यांवरच चालतो.

न्यायालयाची नोंद सर्वांत खुली

माणूस दंडाधिकाऱ्यापुढे आला की त्याचा माग काढणे सोपे होते. जिल्हा व तालुका न्यायालयांतील प्रकरणे ई-कोर्ट्स सेवेच्या संकेतस्थळावर आणि मोबाइल अॅपवर विनाशुल्क पाहता येतात. पक्षकाराच्या नावाने, वकिलाच्या नावाने, खटल्याच्या क्रमांकाने, तसेच पोलिस ठाणे व एफआयआर क्रमांकाने शोध घेण्याची सोय तेथे आहे. प्रत्येक प्रकरणाला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो एकदा मिळाला की पुढची तारीख, न्यायाधीशांचे दालन आणि उपलब्ध आदेश पाहण्यासाठी पुन्हा नाव शोधत बसावे लागत नाही.

नावाने शोधताना मात्र सावध राहावे. आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग एका अक्षराने बदलले तरी प्रकरण सापडत नाही आणि एकाच नावाच्या चार व्यक्ती एकाच जिल्ह्यात निघू शकतात. एफआयआर क्रमांकाने घेतलेला शोध अधिक खात्रीचा. संगणकावर काहीच आढळले नाही, तर संबंधित न्यायालयाच्या कार्यालयात त्या दिवशीच्या रिमांड प्रकरणांची चौकशी करावी. आदेशाची प्रमाणित प्रत हवी असल्यास आरोपीच्या वतीने वकिलाला नक्कल विभागात अर्ज करता येतो.

या आदेशातील दोन शब्दांकडे नीट पाहावे: ‘पोलिस कोठडी’ की ‘न्यायालयीन कोठडी’? पहिल्यात माणूस पोलिसांच्या ताब्यात राहतो, दुसऱ्यात तो तुरुंगात जातो. पूर्वी पोलिस कोठडी पहिल्या १५ दिवसांतच मिळत असे. नव्या संहितेच्या कलम १८७ नुसार हे १५ दिवस, गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे, पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्यांनीही देता येतात. त्यामुळे काल तुरुंगात असलेला माणूस आज पुन्हा पोलिसांच्या ताब्यात असू शकतो. घरच्यांनी भेटीला निघण्यापूर्वी अखेरचा आदेश पाहणे त्यासाठीच आवश्यक आहे.

तुरुंगाच्या दारात

तुरुंगात प्रवेश देताना बंद्याची तपासणी होते आणि नोंदवहीत त्याचे नाव चढते. दाखल झालेल्या बंद्यांची नोंदवही, कोणाची सुटका केव्हा होणार ते दाखविणारी वही, शिक्षा-वही, भेट देणाऱ्यांची वही आणि बंद्यांकडून काढून घेतलेल्या पैशांची व वस्तूंची नोंद ठेवण्याची पद्धत १८९४ च्या तुरुंग कायद्याने घालून दिली. आता ती माहिती ‘ई-प्रिझन्स’ या संगणकीय प्रणालीत भरली जाते. पोलिस, न्यायालये व तुरुंग यांना ती परस्परांत पाहता येते. सामान्य नागरिकांना मात्र त्या प्रणालीत एखाद्या बंद्याचा तपशील मनास येईल तसा चाळता येत नाही.

नातेवाइकांसाठी ‘ई-मुलाकात’ ही सोय आहे. राष्ट्रीय कारागृह माहिती पोर्टलवर बंद्याचे व भेटीस येणाऱ्याचे तपशील भरून मुलाखतीची वेळ मागता येते. त्यासाठी तुरुंग कोणता, हे आधी ठाऊक असावे लागते, म्हणूनच न्यायालयाचा आदेश हाती असणे महत्त्वाचे. आर्थर रोड, तळोजा, येरवडा, नाशिक रोड, नागपूर किंवा अन्य कोणत्याही तुरुंगातून बंद्याला दुसरीकडे वर्ग करण्यात आले असेल, तर कोठे, याची चौकशी त्याच तुरुंगाच्या अधीक्षक कार्यालयात करावी. बंदी ‘न्यायाधीन’ आहे की ‘सिद्धदोष’, म्हणजे खटला चालू आहे की शिक्षा लागली आहे, हेही तेथेच विचारावे. मुलाखतीचे आणि रजेचे नियम त्यावर अवलंबून असतात.

यादीमुळे उघडलेली दारे

या नोंदींकडे कोणी पाहिले नाही तर काय होते, याचे उत्तर १९७९ मध्ये बिहारने दिले. राष्ट्रीय पोलिस आयोगाचे सदस्य के. एफ. रुस्तमजी यांनी तेथील तुरुंगांना भेट देऊन कच्च्या कैद्यांविषयी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये लेख लिहिले. ते वाचून अॅड. कपिला हिंगोरानी यांनी सर्वोच्च न्यायालयात देहोपस्थितीची याचिका केली. हाच हुसैनारा खातून खटला. कोण किती वर्षांपासून आत आहे, याचे तक्ते न्यायालयाने राज्य शासनाकडून मागविले. आरोप सिद्ध झाला असता तर भोगावी लागली असती त्याहूनही अधिक काळ खटल्याविना आत असलेली माणसे त्यांत निघाली. खटला जलद चालणे हा जगण्याच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग असल्याचे या प्रकरणात स्पष्ट झाले आणि हजारो कैद्यांच्या सुटकेचा मार्ग मोकळा झाला.

महाराष्ट्रात पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगातील स्त्री-बंद्यांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. त्यावरील १९८३ च्या निकालात, अटकेनंतर आरोपीच्या नातेवाइकाशी अथवा मित्राशी पोलिसांनी संपर्क साधावा आणि विधी साहाय्य समितीलाही लगेच कळवावे, असे निर्देश मिळाले.

प्रश्न अजून संपलेला नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० बंदी होते. त्यांपैकी ४ लाख ३४ हजार ३०२ न्यायाधीन होते. दर चार बंद्यांमध्ये साधारण तिघांचा दोष सिद्ध झालेला नव्हता.

म्हणूनच नोंदीतील तारखांना मोल आहे. १० वर्षे किंवा त्याहून अधिक कारावास, जन्मठेप अथवा फाशीची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात ९० दिवसांत, इतर गुन्ह्यांत ६० दिवसांत दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर आरोपीला जामीन मागण्याचा हक्क मिळतो. कलम ४७९ अन्वये कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या न्यायाधीन बंद्याची जामिनावर सुटका व्हावी. त्याला पूर्वी कधी शिक्षा झाली नसेल, तर एक तृतीयांश काळ पुरतो. फाशी वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना, तसेच एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असलेल्यांना ही सवलत नाही. असा बंदी पात्र ठरताच न्यायालयाकडे लेखी अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर टाकलेली आहे. जुलै २०२४ पूर्वीच्या प्रकरणांतील बंद्यांनाही ही तरतूद लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले. हिशेब करणारे कोणी नसेल, तर मात्र ही तारीख चुपचाप निघून जाते.

माहितीचा अधिकार

नोंद असूनही उत्तर मिळत नसेल, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करता येतो. एरवी उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असली, तरी माहिती एखाद्याच्या जीविताशी वा स्वातंत्र्याशी निगडित असेल तर ती ४८ तासांत द्यावी, असे २००५ च्या कायद्याचे कलम ७(१) सांगते. अर्जाच्या आरंभीच तसा ठळक उल्लेख करावा. तपासात अडथळा येईल या कारणाने माहिती नाकारली जाऊ शकते. शिवाय डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने केलेली दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आल्यापासून वैयक्तिक माहितीला मिळणारी सूट अधिक व्यापक झाली आहे. व्यापक जनहित मोठे असल्यास माहिती देण्याची मुभा कलम ८(२) मध्ये कायम आहे. बंद्याचे संमतिपत्र अर्जासोबत जोडल्यास बाजू बळकट होते.

माणूस ताब्यात असल्याचे पोलिस नाकारत असतील, तर अर्जांमध्ये वेळ दवडू नये. उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ अन्वये देहोपस्थितीची याचिका करता येते. कोठडीतील प्रत्येक व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा १५१०० या दूरध्वनी क्रमांकावर मदत मागता येते.

सीमेपलीकडचे बंदी

परदेशात अटक झालेल्या भारतीयाला आपल्या वकिलातीशी संपर्क साधण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या अनुच्छेद ३६ ने दिला आहे. शोधाच्या पद्धती मात्र देशागणिक वेगळ्या. अमेरिकेत संघराज्याच्या तुरुंगांतील १९८२ पासूनच्या बंद्यांचा शोध नावावरून कोणालाही घेता येतो. ब्रिटनमध्ये बंद्याने संमती दिली तरच त्याचा ठावठिकाणा कळविला जातो. भारत व पाकिस्तान २००८ च्या करारानुसार दरवर्षी १ जानेवारी व १ जुलै रोजी परस्परांच्या ताब्यातील कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. समुद्रात पकडल्या गेलेल्या मच्छीमारांच्या कुटुंबांना, पालघर जिल्ह्यातील खलाशांच्या घरांनाही, या याद्यांचाच आधार असतो.

नोंद म्हणजे निकाल नव्हे

अटक यादीत नाव असणे म्हणजे गुन्हा शाबीत होणे नव्हे. भाडेकरू ठेवताना, नोकरी देताना किंवा सोयरीक जुळविताना संकेतस्थळावरील अर्धवट नोंदीवरून मत बनवू नये. त्याच प्रकरणात पुढे निर्दोष सुटकेचा आदेश झालेला असू शकतो. विधिसंघर्षग्रस्त बालकांची आणि लैंगिक अत्याचारातील पीडितांची ओळख उघड करणे हा तर गुन्हाच आहे. कोठडीच्या नोंदी खुल्या ठेवण्यामागे कोणाची बदनामी व्हावी हा हेतू नाही. शासनाने माणसाला चार भिंतींआड ठेवले असेल, तर तो कोठे, कशासाठी व केव्हापासून आहे, याचे उत्तर बाहेर कोणाला तरी मागता यावे, हा आहे.

थोडक्यात

• पोलिस ठाणे, गुन्हा क्रमांक, वर्ष, अटकेची तारीख व वेळ लिहून ठेवा.
• कलम ३७ खालची अटक यादी व नियुक्त अधिकाऱ्याचे नाव विचारा.
• एफआयआर क्रमांकावरून ई-कोर्ट्सवर प्रकरण शोधा. सीएनआर क्रमांक जपून ठेवा.
• कोठडी पोलिसांची की न्यायालयीन, हे अखेरच्या आदेशात पाहा. मगच तुरुंग गाठा.
• पहिल्या कोठडी आदेशापासून ६०, ९० दिवस केव्हा भरतात, ते दिनदर्शिकेवर खूण करून वकिलाला कळवा.
• वकील नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा.