मॉडेल:सायकल्स
स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील एलेक्ट्रॉन कंपनीने २०२० मध्ये बाजारात आणलेले, कंप्रता-विरूपणाने (एफएम) ध्वनी निर्माण करणारे व तालरचनेचा सारा कारभार एका आटोपशीर पेटीत सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक वाद्य. एका तरंगाने दुसऱ्याची कंप्रता द्रुतगतीने हलवून नवे स्वरांश उत्पन्न करण्याची ही रीत जॉन चाउनिंग यांना १९६७ मध्ये स्टॅनफर्ड येथे गवसली आणि यामाहाच्या डीएक्स-७ ने (१९८३) ती लोकप्रिय केली, तरी तिची किचकट मांडणी पाहून भलेभले वादक तयार आवाजांवरच समाधान मानीत. ही अडचण ओळखून येथे रचनाकारांनी अंतर्गत तरंगांची मुखत्यारी वादकाला न देता किक, स्नेअर, मेटल, पर्क, टोन व कॉर्ड असे सहा ठरीव नादप्रकार सिद्ध केले व कलर, शेप, स्वीप आणि काँटूर या चार खुंट्यांवर त्यांचे नियमन सोपविले. जाणकारांस हा संकोच वाटेल, पण हातांना तो मानवतो. वादनाचे ट्रॅक सहा, आकृतिबंध ६४ पायऱ्यांपर्यंत. एखाद्या पायरीची कळ दाबून धरून खुंटी फिरविली की बदल तेवढ्याच आघातापुरता नोंदला जातो, त्यामुळे एकसुरी ठेक्यातील एकच ठोका घुमवीत लांबविण्याची मुभा मिळते. पेटीत अंगची बॅटरी मात्र नाही, हे फिरस्त्या वादकास जाचक आहे.