टेलगेट विमानातील हवाई उड्यांचे चित्रीकरण
टेलगेट विमान म्हणजे शेपटीखाली रुंद दार असलेले विमान, उदा. स्कायव्हॅन, सी-१३० हर्क्युलिस. शिरस्त्राणावर कॅमेरा बसवलेला छायाचित्रकार इतरांबरोबरच उडी घेतो. बाजूला दार असलेल्या विमानात त्याला बाहेरची दांडी धरून थांबता येते. येथे तशी सोय नसते. सेकंदाला ५० मीटर वेगाच्या विमानातून एक सेकंद उशिरा उडी घेतल्यास, काहीच न केल्यास, आडवे अंतर अखेरीस सुमारे ५० मीटर होते. विमान जितके वेगवान, तितके हे अंतर मोठे. घाई केल्यास टक्करीचा धोका असतो. पोशाखाच्या कापडी पंखांनी अंतर भरून काढता येते. उडीचा आरंभ मात्र निसटतो तो निसटतोच. २००६ मध्ये थायलंडमधील उदोन थानी येथे हर्क्युलिस विमानांतून उड्या घेऊन ४०० जणांनी विक्रमी रचना साधली. अशा विक्रमांना छायाचित्रांच्या पुराव्याशिवाय मान्यता मिळत नाही.