मावळातील शिकारी जनावरांचे रोग आणि जंत : प्रस्तावना

रानातल्या शिकारी जनावरांच्या रोगांचा अभ्यास मावळात करायचा, तर त्याची सुरुवात गावातल्या कुत्र्यापासून करावी लागते. राजमाचीच्या जंगलातला बिबट्या, पवनेच्या खोऱ्यातला कोल्हा, रात्री कौलांवरून फिरणारे उदमांजर या सगळ्यांशी कुत्र्याची गाठ पडत असते. कधी ती उकिरड्यावर पडते, कधी मेलेल्या ढोरावर, तर कधी थेट बिबट्याच्या जबड्यात. अकोले तालुक्यातल्या शेतीच्या पट्ट्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांची विष्ठा तपासली. वजनाच्या हिशेबाने बिबट्याच्या आहारातला ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. मावळात रान अधिक दाट आहे, त्यामुळे आकडे इथे हेच येतील असे नाही. पण लोणावळ्याला सुट्टीत लोटणारी गर्दी, तिच्यामागे उरणारे खरकटे आणि त्यावर पोसलेली कुत्री पाहिली की प्रश्न तोच उभा राहतो : कुत्र्याच्या अंगातले काय काय रानात जाते?

सर्वांत धास्तीचे नाव डिस्टेंपरचे. याचा विषाणू बुळकांडीच्या कुळातला. गोवरही त्याच घरचा. बुळकांडीने एके काळी गावेच्या गावे बैलांवाचून ठेवली होती. २०११ साली ती जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. डिस्टेंपर मात्र आहे, आणि तो फक्त कुत्र्यांपुरता थांबत नाही. १९९४ साली सेरेंगेटीतले सुमारे एक तृतीयांश सिंह याच्या साथीत गेले. २०१८ च्या सप्टेंबरात गीरच्या दलखाणिया परिक्षेत्रात सिंह पटापट मरू लागले, तेव्हा त्यांच्या नमुन्यांत हाच विषाणू ओळखणारी संस्था पुण्याची होती, राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. लोणावळ्याहून लोकलने गाठता येईल इतक्या अंतरावर हे ज्ञान आहे, ही या विषयाकडे वळणाऱ्या मावळच्या विद्यार्थ्याला मोठी अनुकूल गोष्ट वाटते.

महाराष्ट्रातला या विषयातला पायाभूत अभ्यास सोलापूरजवळच्या नान्नजचा. तिथल्या माळढोक अभयारण्याच्या परिसरात अनिरुद्ध बेलसरे, अबी वनक आणि मॅथ्यू गॉम्पर यांनी मोकाट कुत्री आणि खोकड यांचे रक्त तपासले. डिस्टेंपर आणि पार्व्हो या विषाणूंविरुद्धची प्रतिपिंडे बहुतेक कुत्र्यांत सापडली. खोकडांतही सापडली, पण कमी प्रमाणात. इथे नव्या वाचकाने थोडे थांबावे. प्रतिपिंड सापडणे म्हणजे प्राणी आजारी असणे नव्हे. त्याची विषाणूशी गाठ पडली आणि तो जगला, एवढेच त्यातून कळते. जे मेले त्यांचे रक्त कोणी काढलेले नसते. त्यामुळे निरोगी दिसणाऱ्या प्राण्यांच्या आकड्यांवरून रोग सौम्य आहे असे म्हणणे मला नेहमीच घाईचे वाटते.

मग मेलेले प्राणी शोधायचे कुठे? रानात शव फार काळ टिकत नाही, पण रस्त्यावर ते दिसते. द्रुतगती मार्ग आणि जुना महामार्ग, दोन्ही मावळातून जातात. गाडीखाली आलेल्या कोल्ह्याच्या नोंदीत मृत्यूचे कारण म्हणून वाहनाची धडक लिहिली जाते आणि प्रकरण मिटते. परंतु डिस्टेंपर मेंदूत शिरला की जनावराला दिशा कळत नाही, माणसाची भीती उरत नाही, भरदिवसा ते रस्त्यावर येते. रेबीजमध्येही तसेच होते. म्हणून मोडलेल्या हाडांबरोबर मेंदू, फुप्फुसे आणि आतडीही तपासली गेली पाहिजेत. हे काम वनखात्याच्या परवानगीने पशुवैद्यानेच करायचे. इतरांनी शवाला हात न लावता १९२६ या क्रमांकावर कळवावे. पिसाळलेल्या जनावराची लाळ जीवघेणी असते.

रोगांबद्दल बोलताना जंतांवर अन्याय होतो. ज्या जनावरात जंत आहेत ते आजारी, असे आपण समजतो. पुष्कळदा तसे नसते. फीतकृमी, अंकुशकृमी हे रानाचे जुने रहिवासी आहेत, आणि जनावर काय खाते, कुठले पाणी पिते हे त्यांच्यावरून कळते. फुप्फुसातल्या एका चपट्या कृमीचेच पाहा. १८७८ साली प्राणिशास्त्रज्ञ केर्बर्टने त्याचे वर्णन केले ते प्राणिसंग्रहालयातल्या वाघांच्या फुप्फुसांत सापडलेल्या नमुन्यांवरून. त्याची अंडी विष्ठेतून ओढ्यात जातात, अळी गोगलगाईत वाढते, तिथून खेकड्यात शिरते, आणि खेकडा खाणाऱ्याच्या आतड्याची भिंत भेदून फुप्फुसात पोचते. माणसाने असा खेकडा कच्चा किंवा अर्धाकच्चा खाल्ला तर खोकल्यातून रक्त पडते आणि क्षयाचा संशय येतो. मावळात पहिल्या पावसाबरोबर लोक बत्त्या घेऊन खेकड्यांना निघतात. नीट रटरटलेल्या कालवणाने काही बिघडत नाही. पण तेच खेकडे मुंगूस कच्चे खाते. आंद्रा आणि इंद्रायणीला मिळणाऱ्या ओढ्यांतले खेकडे, तिथल्या गोगलगाई आणि काठावरची विष्ठा एकत्र तपासली, तर एका पावसाळ्यात उत्तम प्रबंध उभा राहील.

उपाय म्हणून लसीकरण लगेच सुचते. रेबीजबाबत ते खरेच परिणामकारक आहे. गोव्यात कुत्र्यांना मोठ्या प्रमाणावर लस टोचली, लोकशिक्षण झाले, संशयित कुत्र्यांवर नजर ठेवली गेली, आणि माणसांचे रेबीजमृत्यू थांबले. डिस्टेंपरचे गणित वेगळे. मोठ्या कुत्र्यांना तो बहुधा होऊन गेलेला असतो, त्यामुळे त्यांना लस देऊन फारसे साधत नाही. विषाणूला नवा आसरा मिळतो तो पिल्लांत. म्हणून गावातली कुत्री मोजताना केवळ संख्या पुरेशी नाही. पिल्ले कोणत्या महिन्यात झाली, किती जगली, मेली ती कोणत्या लक्षणांनी, आणि त्याच सुमारास शिवारात कोल्हा दिवसा फिरताना कोणी पाहिला का, हे एकाच वहीत, एकाखाली एक, तारखेनिशी लिहावे.