बॉनेटवाली टाटा, डबल क्लच आणि आपलं घोडबंदर



शेडमध्ये उभ्या असलेल्या जुन्या ट्रकचा भाव परवा भंगारवाला सांगून गेला. किलोवर. पोरगा म्हणतो, "बाबा, देऊन टाका, जागा मोकळी होईल." मी अजून हो म्हटलेलं नाही. का नाही म्हटलं, हे सांगायचं तर ट्रकचा आणि आपल्या भागाचा थोडा इतिहास सांगावा लागेल. चहा घेऊन बसा, पोस्ट मोठी आहे.

गाडी आहे टाटा 1210. बॉनेटवाली, म्हणजे इंजिनचं तोंड केबिनच्या पुढे आलेली. मागे चार टायर, पुढे दोन. नंबर 1989 च्या आधीचा, तीन अक्षरी मालिकेतला. ना पॉवर स्टेअरिंग, ना सरळ पडणारे गिअर. इंजिन बंद करायलासुद्धा चावी नाही, स्टॉपची केबल ओढायची. वडिलांनी ती जुनीच घेतली होती, एक तुकडा जमीन विकून.

आता मागे जाऊ. आपल्या गावाच्या नावातच वाहतूक आहे. खाडीकाठचं हे बंदर. इथे घोड्यांचा व्यापार चालायचा, त्यावरून नाव पडलं असं सांगतात. किल्ला पोर्तुगीजांचा. 1737 च्या मोहिमेत तो मराठ्यांनी घेतला, नंतर इंग्रजांकडे गेला. किल्ल्यावर उभं राहिलं की कारण कळतं. उल्हास नदीचं पाणी इथून खाडीने समुद्राकडे जातं आणि पलीकडे वसई. ज्याच्या हातात हा काठ, त्याच्या हातात माल.

त्या काळात माल जायचा होडीने. मग रेल्वे आली. 1867 मध्ये विरारहून मुंबईला लोकल सुरू झाली, आणि वसईची केळी, भाजी, फुलं टोपल्यांतून गाडीने जायला लागली. वसईच्या बायका आजही पहाटेच्या लोकलने टोपल्या नेतात. पण रेल्वेला दोन अडचणी. माल स्टेशनपर्यंत न्यायचा कसा, आणि एका माणसाच्या डोक्यावर मावेल त्यापेक्षा जास्त न्यायचा कसा? बैलगाडी स्टेशनपर्यंत पुरायची, मुंबईपर्यंत नाही.

ट्रक आला तो या फटीत. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने 1928 मध्ये शेवरलेच्या गाड्या जोडायला सुरुवात केली. सुटे भाग बोटीने यायचे, इथे जोडणी व्हायची. आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, कुर्ल्याला कारखाना उभा केला, आणि डॉज, फार्गो ही ट्रकची नावं रस्त्यावर दिसायला लागली. जुनी माणसं अजून ट्रकला "फारगो" म्हणतात, ते त्यामुळे.

नंतर सरकारने धोरण बदललं. नुसती जोडणी नको, इथे बनवायची तयारी असेल तर राहा. 1954 मध्ये जनरल मोटर्सने शिवडीचं काम बंद केलं. त्याच वर्षी टेल्कोने जर्मनीच्या डेम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक काढला. मॉडेल 312. साडेचार लिटरच्या थोडं वरचं सहा सिलिंडर डिझेल इंजिन, बॉनेटवर मर्सिडीजचा तारा. लोक त्याला "टाटा मर्सिडीज" म्हणायचे. करार 15 वर्षांचा होता. तो 1969 मध्ये संपला, तारा गेला आणि त्या जागी टाटांचा "टी" आला. गाडीची ठेवण मात्र पुढे कितीतरी वर्षं तीच राहिली. आमची 1210 त्याच घराण्यातली. 12 म्हणजे मालासकट सुमारे 12 टन, 10 म्हणजे शंभराच्या आसपास अश्वशक्ती. आजच्या दोन धुऱ्यांच्या ट्रकला 2018 पासून साडेअठरा टनांपर्यंत परवानगी आहे, यावरून फरक लक्षात येईल.

वडिलांनी ट्रक का घेतला? साधं कारण. भेंडी, गवार, वांगी तोडून ठेवायची आणि भाड्याच्या गाडीची वाट बघायची. गाडी दुसऱ्याची, वेळ त्याची. तो सकाळी आला तर बाजार मिळायचा, दुपारी आला तर उरलेला बाजार. आडत, तोलाई, हमाली, भाडं वजा होऊन जी पट्टी हातात यायची ती बघून वडील म्हणायचे, "शेत आपलं, पण चाक दुसऱ्याचं."

आधी माल जायचा काशिमीऱ्यावरून हायवेने, दहिसरच्या जकात नाक्याची रांग पार करून, दादर नाहीतर भायखळ्याला. मग घाऊक बाजार मुंबईबाहेर हलले. कांदा-बटाटा 1981 मध्ये वाशीला गेला, भाजी आणि फळं 1996 मध्ये. तेव्हापासून आमचा रस्ता फिरला. आता घोडबंदर रोडने गायमुखचा घाट चढून ठाणे, तिथून वाशी. ज्यांनी गायमुखला भरलेली गाडी चढवली आहे त्यांना सांगायला नको.

आणि इथेच गाडी शिकण्याचा प्रश्न येतो.

ट्रक आमचा होता, पण चालवायला आम्हाला कुणालाच येत नव्हतं. वडिलांना ट्रॅक्टर यायचा, ट्रक नाही. म्हणून ड्रायव्हर ठेवला. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. चाक आमचं झालं, पण वेळ ठरवणार उस्ताद. ते गावी गेले की गाडी उभी. उस्ताद आता म्हातारे झालेत, हात थरथरतात. दोन वर्षांपूर्वी मी त्यांना म्हटलं, "उस्ताद, मला शिकवा. तुमच्या मागे ही गाडी कुणाला येणार?" ते म्हणाले, "तुम्हाला यायला वेळ लागेल मालक. तुमचा हात नव्या गाडीचा आहे."

खरंच होतं. हेवी लायसनसाठी मी ड्रायव्हिंग स्कूलच्या नव्या ट्रकवर सराव केला होता. ती गाडी बोटाने वळते. आमची 1210 उभ्यानं वळवायला गेलो तर खांद्यापासून दुखतं. उस्तादांचा पहिला धडा तोच: चाक फिरत असतानाच स्टेअरिंग फिरवायचं, उभ्या गाडीत जोर काढायचा नाही.

दुसरा धडा डबल क्लच. नव्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये दात जुळवून घेणारी कडी असते. जुन्या "कॉन्स्टंट मेश" डब्यात ती नसते, जुळवणी ड्रायव्हरने करायची. वरचा गिअर टाकताना क्लच दाबा, न्यूट्रलला आणा, क्लच सोडा, पुन्हा दाबा, मग गिअर. खालचा टाकताना न्यूट्रलमध्ये क्लच सोडून रेस द्यायची, म्हणजे आतलं चाक वेग घेतं, मग क्लच दाबून गिअर. रेस कमी पडली तर कचकचतं, जास्त झाली तरी कचकचतं. काटा बघून हे जमत नाही, इंजिनच्या आवाजावरून जमतं. मला नीट जमायला तीन महिने लागले. पहिला महिनाभर उस्ताद प्रत्येक कचकचीला डोळे मिटून घ्यायचे.

तिसरा धडा घाटाचा. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवणारा माणूस गाडी, माल आणि जीव तिन्ही घालवतो. ब्रेक सतत दाबून ठेवला की तापतो आणि धरत नाही. गाडी इंजिनवर अडवायची, ब्रेक अधूनमधून लावायचा. हा धडा नव्या गाडीलाही तितकाच लागू आहे.

माझी एक चूकही सांगतो, कारण ती शेतीची आहे. गाडीला पासिंग नाही, म्हणून रस्त्यावर नेता येत नाही. सराव घरच्या जागेतच. भात कापल्यावर खाचर मोकळं झालं, मी तिथेच गाडी घातली. रिकामी गाडी उसळते म्हणून हौद्यात मुरूमही भरला. माती वरून सुकलेली दिसत होती, खाली ओल होती. त्या खाचरात नंतर वाल टोकला. चाकोरीच्या पट्ट्यात वाल वीतभर राहिला, बाजूचा गुडघ्याला लागला. सळई खुपसून बघितली तर पट्ट्यात ती थोडी आत जाऊन अडायची, बाजूला सहज जायची. भाताला खालचा घट्ट थर चालतो, पाणी धरतो. पण भातानंतरचा वाल उरलेल्या ओलीवर वाढतो, त्याच्या मुळ्यांना खाली जाता यायला हवं. वरची दाबलेली माती नांगराने सुटते, जड धुऱ्याने नांगराच्या खाली दाबलेली लवकर सुटत नाही. तेव्हा भरलेला ट्रक शेतात नेऊ नका. बांधावर उभा करा, माल ट्रॉलीने आणा. आमचे उस्ताद हे आधीच म्हणाले होते, मी ऐकलं नाही.

आता मूळ गोष्ट. या ट्रकने आमच्यासाठी काय केलं?

भाजी नेली, पेंढा नेला. पण खरं सांगायचं तर घर चाललं ते दुसऱ्या फेऱ्यांवर. भाजी हंगामी, गाडीचा हप्ता बारमाही. मग वडिलांनी रेती आणि विटांचे फेरे घ्यायला सुरुवात केली. खाडीची रेती, वीटभट्टीच्या विटा. 1985 मध्ये मीरा-भाईंदरची नगरपालिका झाली, 2002 मध्ये महानगरपालिका. 1991 च्या जनगणनेत शहराची वस्ती पावणेदोन लाखांच्या आसपास होती, 2011 मध्ये 8 लाख 9 हजार झाली. एवढ्या लोकांची घरं ज्या विटांनी बांधली, त्यातल्या काही या हौद्यातून गेल्या आहेत. ती घरं जिथे उभी राहिली तिथे भात होता, मिठागरं होती. सकाळी भाजी बाहेर नेणारा ट्रक संध्याकाळी शहर आत आणत होता. वडिलांना हे कळत होतं. एकदा विटा उतरवून आल्यावर म्हणाले, "आज ज्या जागेत विटा टाकल्या, तिथली गवार मी याच गाडीतून नेली होती." एवढंच बोलून जेवायला बसले.

म्हणून मी या गाडीची नुसती आरती करत नाही. तिने आम्हाला दलालाच्या गाडीपासून सोडवलं आणि आजूबाजूची शेतं संपवायला हातही लावला. दोन्ही खरं आहे. बंदर, रेल्वे, ट्रक, आता वरसाव्याला 2023 मध्ये सुरू झालेला नवा खाडीपूल. वाट रुंद झाली की माल जातो आणि माणसं येतात. वाट करताना आपण फक्त मालाचा हिशेब केला.

ज्यांच्याकडे अशी जुनी गाडी आहे त्यांच्यासाठी कामाचं थोडं:

1. केंद्राने जुलै 2021 मध्ये 50 वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी आणली. पण ती धंद्यात नसलेल्या खासगी दुचाकी-चारचाकींसाठी आहे. धंद्याच्या ट्रकला त्या भरवशावर ठेवू नका.

2. पासिंग आणि विमा नसलेली गाडी "जरा कोपऱ्यापर्यंत" म्हणूनही रस्त्यावर काढू नका. अपघात झाला तर जमीन विकावी लागेल.

3. भंगारात द्यायची तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या आणि आरसी रद्द करून घ्या. गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. नुसती तोडायला दिली आणि कागद तुमच्या नावावर राहिले तर जबाबदारीही तुमचीच.

4. पोरांना ट्रक शिकवायचा असेल तर वय 20 पूर्ण हवं आणि साधं लायसन किमान एक वर्षाचं हवं. आठवी पासची अट 2019 मध्ये निघाली. साडेसात टनांपर्यंतची छोटी मालगाडी साध्या लायसनवर चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. चार शेतकऱ्यांनी मिळून तशी एक गाडी घेतली आणि दोघांना चालवता आली, तरी पट्टीत फरक पडतो. आम्ही ट्रक घेतला आणि शिकलो नाही, तिथेच निम्मं घालवलं.

भंगारवाला रविवारी परत येणार आहे. पोराला मी एक अट घातली आहे. आधी उस्तादांना शेजारी बसवून शेडपासून विहिरीपर्यंत, एकही कचकच न करता, गाडी नेऊन आण. मग विकायचं की ठेवायचं ते तूच ठरव. कालपासून तो न्यूट्रल शोधतोय.